माहेरचं नाव, सासरचं आडनाव : एका अळंबीची कहाणी

आषाढातले पहिले मोठे पाऊस होऊन गेले, मध्ये दोन दिवस उघडीप पडली, की आमच्या दारावर ठरलेली हाक येते, "अळंबी घ्यायची का वो बाई?" टोपलीवर झाकलेलं पान मावशी हळूच बाजूला करते. आत मातीनं माखलेल्या, टोकदार डोक्याच्या अळंब्या नीट ओळीनं लावलेल्या असतात. भाव ऐकून आपण "अगं बाई!" म्हणतो, ती "वर्षातून एकदाच मिळतीया" म्हणते. शेवटी एक वाटा घेतला जातोच. पण पैसे देताना एक प्रश्न ओठांवर येतोच येतो, "मावशी, खात्रीची आहे ना?"

"वारुळावरची हाय बाई. आमीबी हीच खातो."

या उत्तरावर आपण किती विश्वासानं विसंबतो! पण ते उत्तर किती मोलाचं आहे, हे मला कळलं ते आमच्या शेजारच्या वहिनींवर आलेल्या प्रसंगानंतर.

वहिनी मूळच्या कोकणातल्या. लग्न होऊन शहरात आल्याला वीस वर्षं झाली, पण पावसाळा आला की त्यांना माहेरच्या अळंबीची आठवण येते. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर एका सकाळी पांढऱ्याशुभ्र छत्र्यांचं गोल रिंगण उगवलं. वहिनींनी ते पाहिलं आणि त्या हरखूनच गेल्या. "ताई, अगदी आमच्याकडच्यासारखी!" म्हणत त्यांनी परडीभर खुडून आणल्या. कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून झणझणीत रस्सा केला. मलाही वाटी पाठवणार होत्या, पण माझा त्या दिवशी उपास होता.

रात्री दहाच्या सुमाराला त्यांच्या दारातून कण्हण्याचा आवाज आला. वहिनी, भाऊजी आणि दोन्ही मुलं, चौघांनाही उलट्या आणि जुलाब सुरू झाले होते. रिक्षात घालून सगळ्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "अळंबी कोणती होती?"

"पांढरी," वहिनी कशाबशा म्हणाल्या.

"पांढरी म्हणजे कुठली? नाव काय तिचं? उरलेली आहे का घरी?"

नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. उरलेली सगळी रश्श्यात गेली होती. डॉक्टरांनी सलाइन लावलं, रात्रभर लक्ष ठेवलं. दोन दिवसांनी चौघंही सुखरूप घरी आले, देवाची कृपा! पण त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून माझ्या मनात एकच विचार घोळत होता. घरातल्या डब्याडब्याचं नाव सांगणाऱ्या आपण, पोटात काय गेलं त्याचं नाव मात्र सांगू शकलो नाही.

कागदावरची हिरवी नक्षी

दुसऱ्या दिवशी हिरवळीवरच्या दोन छत्र्या मुळाच्या मातीसकट वर्तमानपत्रात गुंडाळून मी ओळखीच्या एका प्राध्यापिका बाईंकडे घेऊन गेले. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. बाईंनी काही न बोलता दांडा कापला, छत्री पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली आणि वर काचेचं वाडगं झाकलं. "चार-पाच तासांनी ये," म्हणाल्या.

संध्याकाळी वाडगं उचललं. कागदावर छत्रीच्या खालच्या पापुद्र्यांची हुबेहूब नक्षी उमटली होती, रांगोळीच्या छाप्यानं काढल्यासारखी. आणि तिचा रंग होता मळकट हिरवा!

"बघ, ही वरून पांढरी, पण हिची भुकटी हिरवी. हे हिचे बीजाणू. हिचं नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. खाल्ल्यावर बहुधा एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. शरीरातलं पाणी कमी होतं, म्हणून लहान मुलांना जास्त जपावं लागतं. मोठी माणसं सहसा बरी होतात."

मी थक्क झाले. एका नावासरशी केवढी माहिती बाहेर आली! नाव म्हणजे जणू फाइलीवरचा नंबर. तो सांगितला की जगभरातल्या माणसांनी त्याविषयी जे जे पाहिलं, लिहून ठेवलं, ते सगळं समोर येतं. मग मी बाईंना विचारलं, "ही नावं ठेवतं तरी कोण? आणि कशावरून?" त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि जी हकिगत सांगितली, तीच आज तुम्हाला सांगते.

आपल्याकडची नावं

मराठीत काय नावं कमी आहेत? कोकणात अळंबी, गोव्यात अळमी किंवा ओळमी. विदर्भात कुणी टेकोडे म्हणतं, कुणी सात्या. पुस्तकात भूछत्र. आणि जे खायचं नाही त्या सगळ्याला मिळून एकच नाव, कुत्र्याची छत्री!

ही नावं ज्या त्या गावात अगदी बरोबर असतात. आजी सांगायची, "त्या वारुळावरची घे, बांधावरची घेऊ नको." तिच्या ज्ञानात वारूळ होतं, दिवस होता, माती होती, खाली खोल गेलेलं मूळ होतं. वहिनी शहरात आल्या तेव्हा ते वारूळ गावाला राहिलं, आजी गेली, आणि सोबत उरली ती फक्त "पांढरी छत्री" एवढीच खूण. फसगत झाली ती इथे. गावचं नाव गावाची शीव ओलांडलं की त्याचा अर्थ पातळ होतो. म्हणून शास्त्रज्ञांना असं नाव हवं होतं, की जे रत्नागिरीत, श्रीलंकेत आणि आफ्रिकेत एकाच वस्तूला लागू पडेल.

लपून लग्न करणारी मंडळी

स्वीडनच्या कार्ल लिनीयस यांनी 1753 साली वनस्पतींना दोन शब्दी नावं देण्याची पद्धत रूढ केली. पहिला शब्द वंशाचा, म्हणजे आपल्या आडनावासारखा, आणि दुसरा त्या जातीचा स्वतःचा. फुलांतले पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून त्यांनी झाडांचे चोवीस वर्ग पाडले, आणि गंमत म्हणजे त्या वर्गांचं वर्णन त्यांनी लग्नाच्या भाषेत केलं! ज्यांना फूलच दिसत नाही अशी नेची, शेवाळी, बुरश्या त्यांनी शेवटच्या चोविसाव्या वर्गात टाकल्या. त्या वर्गाचं नाव क्रिप्टोगॅमिया, म्हणजे गुप्त विवाह! छत्रीखाली पापुद्रे असलेल्या बहुतेक अळंब्या त्यांनी ॲगॅरिकस या एकाच वंशात घातल्या. एका मोठ्या वाड्यात सगळं गणगोत कोंबावं तसं झालं.

पुढे 1821 पासून स्वीडनच्याच एलियास फ्रीस यांनी या वाड्याच्या खोल्या पाडायला घेतल्या. त्यांनी पाहिला बीजाणूंचा रंग. पांढरा, गुलाबी, तपकिरी, जांभळट, काळा. छत्री पावसानं फिकी पडते, वयानं आकार बदलते, पण कागदावर पडणाऱ्या भुकटीचा रंग सहसा फसवत नाही. बाईंनी वाडगं पालथं घालून केली ती तीच जुनी परीक्षा.

आणखी एक गोष्ट. कवकं ही वनस्पती नव्हेत, असं आता मानलं जातं. रॉबर्ट व्हिटकर यांनी 1969 साली सजीवांची पाच राज्यं मांडली आणि कवकांना त्यांतलं एक स्वतंत्र राज्य दिलं. यांना हरितद्रव्य नाही, स्वतःचं अन्न स्वतः बनवता येत नाही. यांच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, म्हणजे कोळंबीच्या सालीत असतं तेच द्रव्य! श्रावणात अळंबी चालते की नाही, यावरून घराघरांत सासू-सुनांचे वाद होतात. शास्त्राचं उत्तर असं, की ती भाजीही नाही आणि मांसही नाही. आता चालते की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं!

नाव माहेरचं, आडनाव सासरचं

आता आपल्या वारुळावरच्या अळंबीची गोष्ट. 1847 साली बर्कले नावाच्या एका इंग्रज पाद्र्यानं सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, आलेल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन छापलं. (बटाट्यावरच्या करप्याचं मूळ बुरशीत आहे, असं ठामपणे सांगणारे ते हेच बर्कले.) त्यांनी नाव दिलं ॲगॅरिकस युरायझस. युरायझस म्हणजे चांगल्या मुळाची. जमिनीत खोल जाणारा तिचा दांडा हीच तिची मोठी खूण होती.

पुढे कुणी हिच्या बहिणींना या वंशात घातलं, कुणी त्या. एकाच घरच्या मुली वेगवेगळ्या घरांत दत्तक गेल्यासारख्या विखुरल्या. 1942 साली फ्रान्सच्या रॉजर हाइम यांनी त्या सगळ्यांना पुन्हा एकत्र आणलं. वाळवीच्या घरात वाढणाऱ्या, गुलाबीसर बीजाणूंच्या या अळंब्या म्हणजे एक वेगळंच घराणं आहे, असं त्यांनी दाखवलं आणि वंशाला नाव दिलं टर्मिटोमायसीस, म्हणजे वाळवीचं कवक.

मग बर्कलेंनी दिलेल्या नावाचं काय झालं? इथे मला नियमाची गंमत वाटली. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात. आडनाव तर बदलतंच, पुष्कळदा नावही बदलतं, आणि माहेरच्या नावानं हाक मारणारी माणसं हळूहळू कमी होत जातात. अळंबीच्या बाबतीत तसं चालत नाही! वंश बदलला तर आडनाव बदलतं, पण जातीचं पहिलं नाव तिच्यासोबत नव्या घरी जातं. म्हणून ती झाली टर्मिटोमायसीस युरायझस. एवढंच नाही, तर ते नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं, हेही पुढे कंसात लिहितात : (बर्कले) हाइम. म्हणजे बारसं बर्कलेंनी केलं आणि सासरचा उंबरा हाइमनी ओलांडून दिला, हे दोन्ही कायमचं नोंदलं गेलं.

दुसरा नियम ज्येष्ठतेचा. 1945 साली रोल्फ सिंगर या दुसऱ्या मोठ्या तज्ज्ञानं याच अळंबीसाठी राजापा नावाचा वंश काढला. पण हाइम यांचं नाव तीन वर्षांनी आधीचं, म्हणून तेच टिकलं. हे हाइम दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या प्रतिकार चळवळीत होते. जर्मनांनी त्यांना पकडून छळछावण्यांत डांबलं. त्यातून ते जिवंत परतले आणि पुन्हा आपल्या कवकांकडे वळले. 1979 साली ते वारले. त्याच वर्षी मद्रासच्या के. नटराजन यांनी दक्षिण भारतातल्या वारुळावरच्या एका नव्या जातीचं वर्णन छापलं आणि हाइम यांच्या मानार्थ तिला नाव दिलं टर्मिटोमायसीस हाइमी.

आणि झांबियातली एक बहीण तर ऐकण्यासारखी आहे. तिची छत्री मीटरभर रुंद होऊ शकते! तिथली माणसं ती वर्षानुवर्षं खात होती, बाजारात विकत होती. पण 1980 सालापर्यंत तिला शास्त्रीय नावच नव्हतं. त्या वर्षी पेग्लर आणि पिअर्स यांनी तिला टायटॅनिकस, म्हणजे राक्षसी आकाराची, असं नाव दिलं. पाहा, एवढी मोठी वस्तू, पण ज्यांच्या रोजच्या जेवणात ती होती त्यांचं ज्ञान पुस्तकात यायला इतका उशीर लागला.

वाळवीचं स्वयंपाकघर

घरात वाळवी लागली की आपण हैराण होतो. पण वारुळातल्या वाळवीचा संसार पाहिला तर कौतुकच वाटेल. कामकरी वाळव्या वाळका पालापाचोळा, लाकूड खाऊन आणतात आणि घरात त्याचे सच्छिद्र पोळे रचतात. लाकडातला कठीण भाग त्यांना सहजी पचत नाही. ते काम त्या पोळ्यावर वाढणारं कवक करतं. त्यावर साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गाठी येतात, त्या वाळव्या खातात. मऊ झालेलं जुनं पोळंही खातात. म्हणजे कवक हीच त्यांची चूल!

दक्षिणेतल्या तरंगंबाडीला डॅनिश मिशनचे डॉक्टर म्हणून आलेले, लिनीयस यांचे शिष्य योहान क्योनिग यांनी 1779 सालीच वारुळातल्या या बुरशीविषयी लिहून ठेवलं होतं. ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली, असं आता डीएनएच्या अभ्यासावरून दिसतं. अशी कवकशेती करणाऱ्या वाळव्यांच्या सुमारे 330 जाती आहेत, आणि इतक्या काळात त्यांतल्या एकीनंही ही शेती सोडलेली नाही. राबता घर सोडून वाळवी निघून गेली की काही दिवसांतच दुसरीच बुरशी ते पोळं बळकावते. बाईमाणूस चार दिवस गावाला गेलं की घराचं काय होतं ते आपल्याला ठाऊकच आहे!

पावसानं जमीन भिजली की पोळ्यातून एक दांडा वर निघतो. टोक कठीण, भाल्यासारखं. ते माती भेदून बाहेर येतं आणि छत्री उघडते. बाजारातली बटण अळंबी किंवा धिंगरी माणूस खोलीत लावू शकतो. ही मात्र वाळवीच्या हातचीच. विक्रीसाठी तिची लागवड करणं माणसाला अजून साधलेलं नाही. म्हणून तर वारूळ उकरून, मिटलेल्या कळ्यांसकट सगळं ओरबाडणं बरं नाही. गोव्यातल्या डॉ. नंदकुमार कामत यांच्यासारखे अभ्यासक हेच कळकळीनं सांगत आले आहेत. चार छत्र्या उघडू दिल्या, तर बीजाणू पडतील आणि पुढच्या पिढीला अळंबी दिसेल.

ज्या नावानं घात केला असता

शेवटी पुन्हा आमच्या हिरवळीवरच्या पाहुणीकडे येते. तिच्या नावाची गोष्ट ऐकून माझ्या अंगावर काटा आला. दक्षिण अमेरिकेतल्या गयानातून आलेल्या नमुन्यावरून 1818 साली मायर या जर्मन शास्त्रज्ञानं तिला मॉलिब्डायटीस म्हटलं, म्हणजे शिशाच्या रंगाची. पुढे 1898 साली लंडनजवळच्या क्यू उद्यानातल्या जॉर्ज मॅसी यांनी तिथूनच आलेल्या अळंबीसाठी हिरव्या बीजाणूंचा नवा वंश काढला, क्लोरोफायलम. आणि जातीला नाव काय दिलं? एस्क्युलेंटम, म्हणजे खाण्याजोगी!

ती आणि मायरची अळंबी एकच, हे पुढे मान्य झालं. ज्येष्ठतेच्या नियमानं आडनाव मॅसींचं राहिलं आणि पहिलं नाव मायरचं. "खाण्याजोगी" हे नाव गळालं. पण ते खोटं होतं म्हणून नव्हे हं! नाव चुकीचा अर्थ सांगतं एवढ्यावरून ते रद्द करता येत नाही, असा नियमच आहे. आधीचं नाव सापडलं, म्हणून केवळ आपण वाचलो. बाई म्हणाल्या, "नाव म्हणजे प्रशस्तिपत्र नव्हे, ती फक्त ओळख. गुणदोष त्यापुढे लिहायचे असतात." सुनेच्या नावाला भुलून लक्ष्मी घरी आली असं मानणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं, नाही का!

एवढं ध्यानात ठेवा

1. हिरवळ, बाग, उकिरडा, रस्त्याची कड इथली अनोळखी छत्री कधीही खाऊ नका. क्लोरोफायलम कोवळी असताना तिचे पापुद्रेही पांढरेच असतात, ते नंतर हिरवट होतात. कोवळीच जास्त फसवते.

2. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण किंवा तांदूळ रंग बदलतो का, या परीक्षा खोट्या आहेत. किड्यांनी खाल्लेली अळंबी माणसाला चालते, हेही खरं नाही.

3. भरपूर उकळलं, पाणी टाकून दिलं, चिंच-हळद घातली, म्हणजे विष जातं असं समजू नका. काही अतिविषारी अळंब्यांचं विष शिजवूनही तसंच राहतं.

4. कागदावरचा ठसा घेऊन बघा, मुलांनाही मजा वाटेल. हिरवा आला तर ती टाकून द्या. पण गुलाबी किंवा पांढरा आला म्हणून खाण्याजोगी ठरवू नका. गुलाबी आणि पांढऱ्या बीजाणूंच्याही विषारी जाती आहेत.

5. रानची अळंबी नेहमीच्या, ओळखीच्या बाईकडूनच घ्या. पहिल्यांदा खाणाऱ्याला थोडीच वाढा. दोन अळंब्या न धुता, न चिरता कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा.

6. त्रास झाला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. ठेवलेला नमुना घेऊन सरळ दवाखाना गाठा. किती वाजता खाल्लं, त्रास किती वाजता सुरू झाला, हे डॉक्टरांना सांगा. सहा तासांनंतर किंवा त्याहून उशिरा सुरू झालेला त्रास जास्त धोक्याचा असतो. मध्ये बरं वाटलं तरी घरी बसू नका.

गेल्या पावसाळ्यात मावशीची हाक आली तेव्हा वहिनी माझ्या आधी दारात. मला वाटलं होतं, आता त्या अळंबीचं नावही काढणार नाहीत. पण त्यांनी एक अळंबी उचलली, दांडा खाली कुठवर गेलाय ते पाहिलं, वारूळ कुठलं ते विचारलं. मावशीनं गाव, बांध, झाड, सगळं सांगितलं. वहिनींनी वाटा घेतला आणि त्यातल्या दोन बाजूला काढून कागदात गुंडाळल्या.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून, दुधाच्या हिशेबाशेजारी, तो हिरव्या नक्षीचा कागद अजून चिकटवलेला आहे. खाली त्यांच्याच अक्षरात तारीख आहे, आणि पूर्ण नाव.